अधांतरी गडाची व पुसलेल्या मुद्रेची हकीकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न, ज्याचे उजेडावाचून राजाचाही फोटो येत नाही आणि रंकाचाही. साहेबीं आज्ञा केली की, पेढीने लग्नकार्यांचे फोटो गिऱ्हाइकांस विकण्याकरितां ऑनलाइन गॅलरी कैसी निवडिली आणि त्यातून काय निष्पन्न जाहले, ते यथामति लिहिणे, त्याजवरून लिहितों. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. राज्य म्हणजे बसस्थानकासमोरील दोन गाळे, एक पडदा आणि दोन कॅमेरे, इतकेच समजावे.

शके १९४५, शोभकृत् नाम संवत्सरी, गादीवर थोरले सरकार भगवंतराव होते. सबंध तालुक्याची लग्ने त्यांनी टिपिली होती. पुत्र धाकटे सरकार प्रफुल्लराव हुशार आणि तडफदार, परंतु तडफ आवरत नसे. ते एके दिवशी बोलिले की, "आबा, आल्बमचे दिवस गेले. आता फोटो गॅलरीत चढवायचे. लोक मोबाईलवर बघतील आणि आवडेल तो विकत घेतील." थोरले बोलिले, "बघतील, हे खरं." आणि चहा मागविला. मग तीन गॅलऱ्यांचे वकील फोनवरून दरबारी आले. ह्या गॅलऱ्या गडच म्हणावयाचे, फक्त जमिनीवर नव्हेत, अधांतरी. पहिला वकील बोलिला की, आत येणे फुकट, परंतु विकेल त्या फोटोमागे चौथाई द्यावी. ठेविलेले मात्र आम्ही कधी फेकीत नाही. दुसरा बोलिला की, चौथाई नको, सालीना खंडणी द्यावी, आणि मुद्रा आमचेसारखी कोणाची नाही. मुद्रा म्हणजे वॉटरमार्क: न विकल्या फोटोवर पेढीचे नाव आडवे उमटते आणि दाम भरितां निघून जाते. तिसरा बोलिला की, सर्वच फुकट, आणि ओघात सांगून गेला की, वधूवरांचे खाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येईल. त्यास विडा देऊन निरोप दिला. धाकट्यांनी दुसरा गड पसंत केला आणि खंडणी भरिली. आम्ही पेढीचे कारकून तेथे हजर होतो, परंतु आम्हांस कोणी विचारिले नाही.

मग माघमासी एका बागाईतदाराचे घरचे लग्न जाहले आणि त्याचे सर्व फोटो गडावर चढविले आणि वऱ्हाडास लिंक पाठविली. रयतेने गॅलरी डोळे भरून पाहिली आणि स्क्रीनशॉट काढिले आणि स्वस्थ राहिली. विकत कोणी काही घेतले नाही. मुद्रेसहित फोटो स्टेटसला लागले, आणि नवरदेवाचे चुलते भावी सरपंच होते, त्यांनी आपला फोटो फ्लेक्सवर चढविला, तेव्हा पेढीचे नाव त्यांचे छातीवर चार हात लांब झळकले आणि ते त्यांस शोभूनही दिसले. हे पाहून धाकटे सरकार संतापले आणि मुद्रा मोठी करविली, आणि तरी लोक ऐकेनात, मग आणखी मोठी करून थेट चेहऱ्यावर आणिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. थोरले बोलिले, "अरे, माणसाच्या तोंडावर कुणी आपलं नाव लिहितं का?" धाकटे बोलिले, "चोर आहेत सगळे, आबा." थोरले बोलिले, "चोर नाहीत रे. त्यांना फोटो आवडलाय." त्याउपरी बापलेकांत काही दिवस फक्त बॅटरी चार्ज जाहली की नाही इतकेच बोलणे होत असे. पुढे धाकट्यांनी रागाने खंडणी थांबविली. गडाचे फोटो घरच्या डिस्कवरही होते. परंतु नवा हंगाम तोंडावर आला, जागा पाहिजे, आणि माघातले कोण विकत घेणार, म्हणून तेही पुसून टाकिले.

ऐसियास क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिकमासी, थोरले सरकार दुपारचे जेवण करून पडले ते उठले नाहीत. राज्यात मोठा शोक जाहला. भिंतीवर लावण्यास फोटो शोधू लागले तो एकही सापडेना. तालुक्यातील घरोघरी त्यांच्या हातचे फोटो आणि त्यांचा स्वतःचा कोठेच नाही, कारण ते सदैव कॅमेऱ्यामागे. कोणी आधार कार्ड पुढे केले, तेव्हा धाकट्यांच्या मातोश्री आऊसाहेब बोलिल्या, "तो लावू नका. तो बघून मला ह्यांची आठवण येत नाही, तहसील कचेरीची येते." मग धाकट्यांस स्मरले की, माघातल्या वरातीत नवरदेवाच्या घोड्याने बँडमास्तर इलाहीभाई यांचे टोपीवरील तुरा खाल्ला आणि थोरले पोट धरून हसले आणि तो क्षण आपणच टिपिला होता. त्यांनी तत्काळ गडास फोन लाविला. तेथील बाई अदबीने बोलिली, "सर, तुमचा प्लॅन संपलाय. मुदतीत रिन्यू झाला नाही, म्हणून डेटा डिलीट झाला. आणखी काही मदत करू शकते का?"  धाकट्यांनी फोन ठेविला.

मग इलाहीभाई समाचारास आले. ते खाली पाहत बोलिले, "प्रफुल्लदादा, रागावू नगा. त्यो वरातीतला फोटू म्या मागंच तुमच्या गॅलरीतनं मोबाईलवर घेतलाय. पैसं न देता. तुमचे आबा आसं हासल्यालं म्या पयल्यांदा बघितलं, म्हून ऱ्हावलं न्हाई." फोटो उघडिला. घोडा होता, तुरा घोड्याचे तोंडात होता, इलाहीभाई बोडके होते, आणि थोरल्यांचे चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पेढीचे नाव होते. धाकट्यांस रडू कोसळले.

त्याउपरी धाकटे सरकार संगणकापुढे बसले आणि आपली मुद्रा स्वहस्ते पुसू लागले. अक्षराखालचे काय होते ते फोटोत उरले नव्हते, म्हणून आऊसाहेब शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या, "डावा डोळा मिटायचा त्यांचा हसताना, एवढा उघडा नको," आणि "दात सरळ काढलास की रे, पुढचा तुटका होता ना," आणि मध्येच पदर डोळ्यांस लावीत. धाकट्यांनी हजारो चेहरे टिपिले होते, परंतु बापाचा दात तुटका आहे हे त्यांस त्या दिवशी कळले. सांजवेळी आऊसाहेब बोलिल्या, "हां. आले."

सारांश, पेढी हल्ली पहिल्या गडावर आहे, चौथाई बिनतक्रार देते, आणि मुद्रा कोपऱ्यात बारीक असते. लोक स्क्रीनशॉट काढितात, सरकार काही म्हणत नाहीत. फ्रेमवाल्याने विचारिले की, घोडा आणि बँडवाला कापून फक्त साहेब ठेवू का? आऊसाहेबांनी कापू दिले नाही. तो फोटो गादीमागे लाविला आहे, आणि रोजचा हार तिघांस मिळून एक असतो.