पास्कू अंकलचा भागाकार

आमच्या घरी फायबरची लाइन आली त्या दिवशी जोडणीवाला ऐटीत म्हणाला, "सर, शंभरचा स्पीड आहे." मी खूश होऊन मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "शंभर काय? नारळ?"

हे आमचे पास्कू अंकल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. कट्टा गावाच्या बाजारापासून दहा मिनिटांवर आमची घरं एकमेकांना लागून आहेत. जोडणीवाल्याने 'मेगाबिट' असं उत्तर दिल्यावर ते कुंपण ओलांडून आलेच.

"आठान भाग, मगे बोल."

आठ बिट मिळून एक बाइट होतो. कंपन्या वेग बिटांत सांगतात आणि आपल्या फायली असतात बाइटांत, म्हणजे ही सरळ सरळ लबाडी आहे, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी शंभराचे साडेबारा केले. साडेबारांच्या जुन्या फ्लॉप्या केल्या, त्या सेकंदाला साडेआठ भरल्या. मग मूळच्या शंभराच्या टेलिफोनच्या लाइनी केल्या, त्या पंधराशे बासष्ट निघाल्या. एवढी माणसं या एका तारेवरून एकाच वेळी बोलू शकतात, असं सांगून त्यांनी मला घरात माणसं किती ते विचारलं. मी म्हटलं, तीन. मग आणखी काय पाहिजे, असा चेहरा करून ते पेज जेवायला गेले.

हे सगळं तोंडी. कागद घेणाऱ्या माणसाविषयी त्यांना फारसा आदर नाही.

तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने 'सुपरफास्ट वायफाय' अशी पाटी लावली, तेव्हा अंकल एसटी पकडून वेग मोजायला गेले आणि व्हरांड्यात बसलेल्या पाहुण्यांना, सेकंदाला जेमतेम दोन फ्लॉप्या येतात, असं सांगून आले. लॉजवाल्याने त्यांना चहा पाजला आणि पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका म्हणाला. लोक त्यांना हसतात. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, रिकामा माणूस काहीतरी करणारच, असं मी समजत होतो.

मग पलीकडच्या रोझी आंटी गेल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा आंतोन मालवाहू बोटीवर नोकरीला. बोट भर समुद्रात, किनाऱ्याला लागायला अजून नऊ दिवस. आईला माती द्यायला तो येऊ शकत नव्हता. निदान मोबाइलवर त्याला सगळं दिसावं म्हणून लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मिंगेलने दोन कॅमेरे लावायची तयारी केली. बोटीवर इंटरनेट कितीचं आहे, असं विचारल्यावर आंतोनने मेसेज धाडला, 'दोनशे छप्पन'. मिंगेलचा जीव भांड्यात पडला. आपलं शंभर, त्याचं दोनशे छप्पन, आपल्या अडीचपट! रोझी आंटींच्या घरी जमलेल्या बायकांनी देवाचे आभार मानले.

"दोनशे छप्पन काय?" अंकलनी विचारलं.

त्या घरात, त्या वेळी, हा प्रश्न ऐकून मला त्यांची लाज वाटली. पण ते हटले नाहीत. आंतोनला पुन्हा विचारायला लावलं. उत्तर आलं, किलोबिट. मेगा म्हणजे किलोच्या हजारपट, आणि बोटीवरचं ते दोनशे छप्पन वीस खलाशांत वाटलेलं. अंकलनी डोळे मिटले. आंतोनच्या वाट्याला जेमतेम बारा येत होते. मिंगेलच्या एका कॅमेऱ्यालाच दोन हजार लागणार होते. आंतोनला सबंध वेळ गोल फिरणारं चाक तेवढं दिसलं असतं.

"आवाज धाडूया," अंकल म्हणाले. "आवाजाक आठ पुरे. वरचे चार, आवाज जेच्यात भरून धाडतत त्या पाकिटाक."

मिंगेल चिडला. नुसता आवाज कशाला, त्यापेक्षा चांगलं रेकॉर्डिंग करून ठेवू, बंदराला लागल्यावर आंतोन निवांत बघेल, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटत होतं.

"माझो बापूस बोटीर होतो," अंकल म्हणाले. "थंयच गेलो. आमका तार इली. अकरा शब्द, सहासष्ट अक्षरां. टेलिप्रिंटरार धा सेकंद लागले आसतले. आवशीन ती तार मरापर्यंत उशाक ठेवली. तेच्यात कोणाचो आवाज नाय होतो. रेकॉर्ड तो मगे बघतलो. पण आज तेका हय असाक व्हया."

मिंगेलने कॅमेऱ्याची पिशवी बंद केली.

चर्चमध्ये अंकलनी फोन रोझी आंटींच्या उशाशी ठेवला आणि त्याला एक छोटा स्पीकर जोडला. फादरनी प्रार्थना म्हटली, आम्ही 'आमेन' म्हणालो, आणि फादर पुढची ओळ घेणार इतक्यात अंकलनी हात वर केला. दोन सेकंदांनी स्पीकरमधून आंतोनचं 'आमेन' आलं. त्याचा आवाज आकाशातल्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला तेवढा वेळ लागत होता. त्यानंतर प्रत्येक ओळीला फादर थांबले, गाणारे थांबले, सगळं चर्च थांबलं. कुणीही कुरकुर केली नाही.

दफन झालं. लोकांनी मूठमूठ माती टाकली आणि ऊन चढलं होतं म्हणून एकेक करून सगळे निघाले. अंकल कबरीपाशी फोन धरून उभेच राहिले. मी त्यांच्यासाठी थांबलो होतो.

"अंकल," फोनमधून आंतोन म्हणाला, "सगळे गेले काय?"

मी आजूबाजूला पाहिलं. अंकल आणि मी, आम्ही दोघेच.

"नाय रे बाबा," अंकल म्हणाले, "सगळे हयच आसत. कोण खंय जाणा नाय. तू सावकाश बोल तुझ्या आवशीवांगडा."

त्यांनी खाली वाकून फोन ओल्या मातीवर ठेवला आणि माझा दंड धरून मला पार भिंतीपर्यंत मागे नेलं, आम्हाला काही ऐकू येऊ नये म्हणून. तिथे आम्ही पाठ करून उभे राहिलो. आंतोन किती वेळ बोलत होता कोण जाणे. अंकलनी घड्याळाकडे पाहिलं नाही.