पायी चालणाऱ्याचं हेल्मेट

आमच्या अवसरीतले सोपानआबा मोटारसायकलवर बसताना हेल्मेट काढतात आणि पायी निघाले की घालतात. एकदा धीर करून कारण विचारलं, तर माझ्यावरच चिडले. "गाडीवर समोर माझं लक्ष असतंय. वर कुणाचं लक्ष हाय?"

वर म्हणजे आभाळात. तिथून केव्हाही धोंडा येऊ शकतो आणि हे माहीत असून सगळे गप्प बसलेत, हा आबांचा राग. उल्का, अशनी, लघुग्रह असले भेद त्यांना मान्य नाहीत. सगळे धोंडेच. तुटता तारा बघून कुणी डोळे मिटून इच्छा मागितली, की आबा कडाडतात, "आरं, धोंडा पडतोय आन् तू मागतोय काय? बाजूला हो!"

मी त्यांच्या शेजारची. मंचरच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्याची शिक्षा अजून भोगते आहे. मला माणसांशी बोलणं जड जातं, हे सगळ्या गावाला कळतं, आबांना नाही. सकाळी मी अंगण झाडत असते आणि कुंपणावरून मोबाइल पुढे येतो. "म्याडम, इंग्रजीत काय म्हणतेत बघा." बातमी बहुधा तीच. अमुक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार, धोका नाही.

"धोका न्हाई, आसं कोण म्हणतं?"

"शास्त्रज्ञ, आबा."

"कुणाला इचारून?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. वीज गेली, कुणाला इचारून? एसटी बंद केली, कुणाला इचारून? आणि हा धोंडा आमच्या डोक्यावरून जातोय, तो कुणाला इचारून? चहासुद्धा झालेला नसताना मी अख्ख्या विश्वाच्या वतीने बोलणी खाते.

परवा ग्रामसभेत बिबट्याचा विषय निघाला. उसात मादी दिसली होती, पिंजरा हवा होता. आबा हेल्मेटसकट उठले.

"बिबट्या शेळी नेतो. त्यो धोंडा आख्खा तालुका नेईल, कचेरीसकट! त्याला कुठला पिंजरा लावताय? माझा एकच ठराव घ्या. धोंडा येणार आसंल, तर आदल्या दिवशी भोंगा वाजवा."

"आन् भोंगा वाजल्यावर पळायचं कुठं, आबा?" सरपंचांनी विचारलं.

"जुन्नरला, लेण्यांत. येवढाले डोंगर कोरून ठेवलेत, ते काय येड्यांनी?"

"तिथं आधीच बिबट्या बसला आसंल, राव!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभा हसून लोळायची बाकी राहिली.

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या म्याडमला इचारा!"

"लहान धोंडे आधी दिसतीलच असं नाही," मी उभी राहून म्हणाले. ते माझ्या पुढच्या बाईलाही ऐकू गेलं नसावं. पिंजऱ्याचा ठराव झाला. भोंग्याचा लिहूनसुद्धा घेतला नाही. मला हसणाऱ्यांचा इतका राग आला, की घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

दुसऱ्या सकाळी कुंपणावरून मोबाइल आला नाही. झाडू तसाच टाकून मी त्यांच्या दारात गेले.

घरात कांद्याच्या गोण्या वाहायची ढकलगाडी होती. तिच्यावर गादी दोरीने बांधलेली आणि गादीवर आबांच्या पत्नी जिजाकाकू बसलेल्या, डोक्यात आबांचं हेल्मेट. काकूंचे पाय गेले, त्याला बरीच वर्षं झाली. हे मला माहीत होतं. भोंग्याशी त्याचा संबंध मी कधी लावलाच नव्हता.

आबांनी जोर लावला. चाक उंबऱ्याला अडलं.

"मोटारसायकलवर हिला बसता येत न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "ढकलतच न्यावं लागंल. लई येळ जाईल. म्हणून आदल्या दिवशी म्हणलं व्हतं."

काकूंनी हेल्मेटची काच वर केली. "तूच सांग बाई ह्यांना. मी म्हणते, धोंडा आला तर मला हितंच राहू द्या, तुमी पळा."

आबा खाली बसून उंबऱ्याला फळी लावत होते. मान वर न करता म्हणाले,

"कुणाला इचारून?"