गिळलेली ओळ

आणीबाणीतला पहिला पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, सेलूच्या स्टँडाजवळच्या खोलीतून शेषराव मुन्शींना जीपमध्ये कोंबून नेलं. गुन्हा सांगितला नाही. वॉरंट दाखवलं नाही. मुन्शी तेव्हा एका वाक्याच्या मधोमध होते, ते वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

कोणाला, कधी, कुठून. पहिल्या ओळीत एवढंच लिहायचं, हे मुन्शींनीच मला शिकवलं. त्याआधी माझी पत्रकं 'रक्तपिपासू सत्तांधांनो, सावधान!' अशी सुरू व्हायची. मुन्शी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "हे कुनाला लिवलंस लेका? ज्याला लिवलंस त्यो वाचनार न्हाई. जो वाचनार, त्याला ह्यातलं काईच कळनार न्हाई. फुडं."

या लिखाणात बाकीची नावं बदलली आहेत. मुन्शींचं बदललेलं नाही. त्यांचं नाव आणि खोलीचा पत्ता, दोन्ही नेणाऱ्यांना ठाऊकच आहेत.

वाक्याच्या मधोमध थांबणं हा मुन्शींचा स्वभावच. कोणी हाक मारली, एस.टी.नं भोंगा दिला, की होते त्या शब्दावर ते थांबत. तुम्ही-आम्हीही थांबतो, पण परत सुरू करताना 'काय म्हणत होतो मी?' असं विचारतो. मुन्शींनी ते कधी विचारलं नाही. एकदा छत्रीची हकिकत सांगत होते. "त्या लेकाच्यानं काडी वाकवली आन्..." इतक्यात अर्ज लिहून घ्यायला माणूस आला. त्यानंतर मुन्शी तापानं पडले. पाचव्या दिवशी खोलीत आले, जोडा काढला, बसले आणि म्हणाले, "...ती सरळच हुईना."

आमचे टायपिस्ट रशीदभाई बराच वेळ विचार करत राहिले की काय सरळ होईना. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "क्या मुन्शीजी, ये बात है के बैलगाडी? जां बैल छोडे, वईंच से जोत लिए!"

दुसरी खोड पट्टीची. खिशात पुठ्ठ्याची एक पट्टी असायची. वर्तमानपत्र असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, पट्टी ठेवून खालचं सगळं झाकायचं आणि एकच ओळ वाचायची. भरलेलं पान एकदम समोर आलं की त्यांना खरोखर घाम फुटायचा. "ढीग बगितला की डोळा घसरतो," म्हणायचे. हसायचो आम्ही.

खोली सायकलवाल्याच्या दुकानामागं होती. दारावर पाटी 'अर्ज लिहून मिळतील'. आत जे चालायचं ते वेगळंच. त्या दिवसांत जिल्ह्यात माणसं उचलली जात होती आणि कुठं ठेवलीत ते घरच्यांना सांगत नव्हते. बायका ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होत्या. सोनपेठहून, वालूरहून, पेडगावहून पत्रं यायची. पिशवी चार हातांतून यायची आणि शेवटचा हात पहिल्याला ओळखत नसे. त्या पत्रांतून आम्ही यादी करत होतो. एका ओळीत एक माणूस.

यादी करायची मुन्शींची रीत ऐका. पिशवीजवळ कौसाबाई, गवऱ्या विकणारी. तिला अक्षर येत नाही, म्हणूनच मुन्शींनी तिला निवडली. "मला समदी गांडुळंच दिसतेत," ती म्हणायची. ती कात्रीनं पत्राची एकेक ओळ कापून मुन्शींना द्यायची. मुन्शी ती वाचायचे. 'सप्रेम नमस्कार' असला की गाळला. 'परमेश्वर त्यांचं तळपट करो' असलं की गाळलं. नाव, दिवस, गाव असलं तर नीट करून मला सांगायचे. मी सुवाच्य अक्षरात उतरवायचो. रशीदभाई ते सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर टाईप करायचे. काम झालं की प्रत्येक चिठोरी कौसाबाईच्या शेगडीत.

"बाबा, येवढे गोड गोड नमस्कार जाळायलाव तुमी," ती म्हणायची.

"नमस्कार जळला तर चालतंय, कौसाबाई. नाव न्हाई जळलं पायजे."

आणि हे सगळं उलट्या टोकाकडून हलायचं. रशीदभाईंची ओळ टाईप झाली की ते ओरडणार, "फुडं!" मग मी मुन्शींना म्हणणार, "फुडं." मग मुन्शी कौसाबाईला, "फुडं." मग कात्री एकदा वाजणार. मागितल्याशिवाय कोणी काही द्यायचं नाही, आणि दिल्यावर जिथं असू तिथंच थांबायचं. रशीदभाईंच्या यंत्राची कळ अडकली की सगळी खोली गोठायची. कौसाबाईची कात्री उघडी, मुन्शींचं बोट चिठोरीवर, माझा टाक हवेत. कोणी दारातून डोकावलं असतं तर म्हणालं असतं, फोटो काढून घ्यायला बसलेत. कळ सुटली, "फुडं!" आलं, की जो तो होता तिथून चालू.

मला हे सहन व्हायचं नाही. "मुन्शीजी, चार पत्रं एकदम द्या, तासाभरात उरकतो! असं कीर्तन करत कधी व्हायची क्रांती?"

"क्रांती तासभर उशिरा झाली तरी हुती," ते म्हणाले. "गळालेलं नाव हुत न्हाई."

रीतीचा दुसरा फायदा मला नंतर कळला. छापा पडला तर प्रत्येकाला फार तर हातातली एक ओळ आठवणार. अख्खी यादी कोणाच्याच डोक्यात नाही. मार पडला तरी कोणी काय सांगणार?

मार पडणार, हे मात्र सगळ्यांच्या डोक्यात होतं. जीपचा आवाज आला की मी दाराची कडी बघायचो. 'आम्ही डरणार नाही' हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल, आणि ते लिहिताना दर वेळी कान रस्त्याकडं. रशीदभाई घाबरले की त्यांचा टाईप चुकायचा. मुन्शी तर लाजायचेसुद्धा नाहीत. सुपारी कातरता कातरता सरळ म्हणायचे, "लय भ्या वाटायलंय बाबा आज." म्हणायचे आणि बोट चिठोरीवरून हलवायचे नाहीत.

त्या सकाळी रशीदभाई "फुडं" म्हणाले, मी म्हणालो, कात्री वाजली. मुन्शींनी चिठोरी वाचली. वाचून ती मला सांगायच्या आधी, का कोण जाणे, माझ्याकडं बघून म्हणाले, "लेका, मानसानं जीपला भिऊ ने. मानसानं भ्यावं ते..."

तेवढ्यात जीप दारात थांबली.

मुन्शींनी डब्यातलं पान उचललं, चिठोरी चुन्यासारखी आत घातली, घडी केली आणि तोंडात टाकली. शिपायांनी पेट्या उपसल्या, फाटकी गादी उसवली. मुन्शी शांतपणे चावत होते. साहेबानं विचारलं, "नाव काय तुमचं?" मुन्शींनी तोंडाकडं बोट दाखवून थांबा अशी खूण केली. त्या खुणेबद्दल पहिली थप्पड बसली. तेवढ्यात कौसाबाईनं ते अर्धं कापलेलं पत्र शेगडीत लोटलं होतं. बाकीची पिशवी गवऱ्यांखाली घालून, पाटी डोक्यावर घेऊन, ती शिपायांना "सरका की जरा भाऊ" म्हणत बाहेर गेली. रशीदभाईंचं स्टेन्सिल ढुंगणाखाली होतं. सापडलं काहीच नाही. कोणाला तरी न्यायचंच होतं, म्हणून मुन्शींना नेलं.

आम्ही घाबरलो, पण यादी पुरी केली. दुसऱ्या जागी, त्याच रीतीनं, मुन्शींच्या जागी मी. ती एक चिठोरी नमस्काराचीच असणार, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. त्या पत्राच्या आधीच्या सगळ्या ओळी नमस्काराच्याच होत्या ना? यादी गावोगाव गेली. माथ्यावर मी मोठ्या अक्षरात घातलं: 'संपूर्ण यादी'.

संपूर्ण हे विशेषण आहे. मुन्शी असते तर त्यांनी ते गाळलं असतं.

ते कुठल्या तुरुंगात आहेत हे कळून भेटीची परवानगी मिळायला दिवाळी उलटली. अर्जावर 'नातं' असा रकाना होता. मुन्शींना बायको नाही, मूल नाही, भाऊबंद नाहीत. टाक माझ्या हातात. कौसाबाई म्हणाली, "लिही. धाकली बहीन." आणि माझ्याकडं हात करून, "ह्यो भाचा."

जाळीपलीकडं मुन्शी आले. निम्मे झाले होते. पट्टी काढून घेतलेली, म्हणून तळहात आडवा धरून भिंतीवरच्या नियमांचा फलक एकेक ओळ वाचत आले. शेजारी शिपाई. मी रडायच्या बेतात. मुन्शींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "...गाळलेल्या वळीला."

मला कळायला क्षण लागला. ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं 'मानसानं भ्यावं ते' हे वाक्य पुरं करत होते.

मग आवाज खाली आणून बोलले. निजामाच्या राज्यात ते कचेरीत नक्कल उतरवायला होते. सोडायच्या कैद्यांची यादी उतरवली. एकाखाली एक, मारुती नावाचे दोघं होते. डोळा घसरला आणि खालचा मारुती राहून गेला. त्याची बायको रोज पायरीवर येऊन बसायची. म्हणायची, बाबा, यादीत बघा की. "आन् मी बगायचो. मीच उतरवलेल्या यादीत. आन् सांगायचो, न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ती चिठोरी नमस्काराची न्हवती लेका."

कौसाबाईनं जाळी घट्ट धरली. शिपाई ऐकत होता. तिथं नाव उच्चारलं असतं तर त्या माणसाच्या घरी त्याच दिवशी जीप गेली असती, पत्र कोणी लिहिलं म्हणून. मुन्शींना ते कळत होतं. नाव तोंडात होतं आणि ते ओठ मिटून होते.

"त्या मारुतीच्या बायकोला मी सेवटी..." ते म्हणाले. शिपायानं वेळ संपली म्हणून दंडाला धरलं. मुन्शी त्या शब्दावर थांबले.

ते वाक्य तिथंच आहे. त्यांना सोडतील तेव्हा ते पुरं करतील. तोवर आपलं काम.

आमची यादी अपुरी आहे. ती संपूर्ण आहे असं मी छापलं, ते खोटं आहे. तुमच्या घरचं माणूस नेलं असेल, तुम्ही पत्र पाठवलं असेल आणि यादीत नाव नसेल, तर ठाण्याच्या पायरीवर 'नाही' ऐकून परत फिरू नका. ती गिळलेली ओळ तुमची असेल. ज्याच्या हाती पहिलं पत्र दिलं, त्याच्याच हाती पुन्हा द्या. भीती वाटेल. आम्हालाही वाटते. भीत भीतच लिहा. नमस्कार नको, शिव्या नकोत. कोणाला, कधी, कुठून. एक ओळ.

फुडं.