वादन परीक्षा शांततेत पार पडली

सोलापुरातल्या वरातींमधला बेसूरपणा वाढत चालला आहे, ही गोष्ट शहात्तर साली मिरवणूक शिस्त समितीच्या लक्षात आली. तो त्याआधीही वाढतच असावा, पण त्याआधी समिती नव्हती. ते दिवसच शिस्तीचे होते. भिंतीभिंतींवर शिस्तीची वाक्यं, कचेऱ्यांत माणसं वेळेवर, नळावर बायका रांगेत. मग बँडवाल्यांनीच काय म्हणून मोकाट फिरावं? समितीने नियम केला की परीक्षा पास होऊन परवाना मिळाल्याशिवाय कुणीही रस्त्यावर वाद्य घेऊन दिसता कामा नये. परीक्षा घ्यायला वाद्यवादन परीक्षा मंडळ निघालं आणि त्याचा मानद चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली. मला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. त्यामुळे या हिंदुरावाने पक्षपात केला, असं आजतागायत कुणी म्हणू शकलेलं नाही.

तरी लोक बोलतात. शिवशरण बिराजदारवर अन्याय झाला म्हणतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला! म्हणून काय घडलं ते एकदा सांगून टाकतो.

बिराजदार गिरणीत टाइमकीपर होता. नाद मात्र वाद्यांचा. क्लॅरिनेट, कॉर्नेट, पेटी, ढोल, बुलबुलतरंग, सगळं मंगळवारच्या बाजारातून उचललेलं जुनं सामान. क्लॅरिनेटच्या चाव्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर, तडकलेल्या नळीला दोरा आणि वर मेण. ढोल पायाने वाजावा म्हणून त्याने मोडक्या हातमागाची पायपट्टी आणून तिला टिपरू बांधलं होतं. त्याची बायको नागम्मा येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्यात पेटी खाटंवर निजती बगा, माणसं खाली." पगार गिरणीचा, पण जीव सगळा धोंडीराम मास्तरांच्या ब्रास बँडात. लग्नसराईत रजा टाकून हा तिथे फुकट वाजवायला जायचा. फुकट काम करणारा माणूस कुठल्याच नियमात बसत नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

आता या बँडाचं काम कसं चालतं ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बँड ठरवायला आलेला माणूस कोणतं गाणं वाजवता असं विचारत नाही, किती जणांचा बँड म्हणून विचारतो. धोंडीराम मास्तरांचा एकवीस जणांचा होता. त्यात वाजवणारे नऊ. उरलेले बारा लाल कोट आणि तुऱ्याची टोपी घालून वाद्य नुसतं धरायचे, गाल फुगवायचे, बोटं हलवायचे. यात फसवणूक कसली? पंगतीत वाढपी कमी आणि मिरवणारे जास्त असतातच. या धरणाऱ्यांत हरिदास म्हणून एक होता, रेशन दुकानात मापाडी. त्याच्या क्लॅरिनेटला फुंकायची पत्तीच नव्हती. पण धरायचा असा, की फोटोवाले त्याचाच फोटो काढत.

मास्तरांची मुलगी भीमा. मास्तर सुपारीवर गावोगाव गेले की पोरगी बिराजदारच्या घरी, पेटीच्या भात्याशी खेळत वाढली. तिच्या वरातीत वाजवायला म्हणून बिराजदारने स्वतः एक चाल बसवली होती. सुरुवातीचे चार सूर तेवढे तो तिला ऐकवायचा. पुढचं विचारलं की म्हणायचा, "ते तुज्या वरातीत. आत्ताच ऐकलंस तर तवा काय ऐकशील?" भीमाचं लग्न ठरलं, वैशाखातलं; मुलगा दुधनीचा. मुलाचे काका आप्पा म्हणून होते. त्यांनी बैठकीत एकच अट घातली. "एष्टु मंदी?" बँडात माणसं किती, असं त्यांनी कानडीत विचारलं. मास्तर म्हणाले, एकवीस. "मग जमलं," आप्पा म्हणाले.

परीक्षा चैत्रात होती. बिराजदार माझ्याकडे आला, पाच वाद्यांची नावं घेऊन.

"पाच कसली?" मी म्हटलं. "एक माणूस, एक वाद्य. पाच वाद्यांच्या परीक्षा एकाच दिवशी, एकाच वेळी आहेत. पाच ठिकाणी बसणार आहेस का?"

"एकामागून एक घ्या की साहेब."

"म्हणजे तू एकटाच पाच जणांच्या जागा अडवणार. बाकीच्यांनी काय करायचं?"

त्याला ते पटलं असावं, कारण त्याने चार नावं सोडली. मग क्लॅरिनेट लिहा म्हणाला. भीमाच्या वरातीला तेवढं पुरे.

परीक्षेसाठी आम्हाला जागा मिळाली ती एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. जागा उत्तम, हवेशीर. वाचनालयाची अट एवढीच की खाली वाचक बसतात, तेव्हा वर आवाज होता कामा नये. अट अगदी रास्त होती. वाचनालयात आवाज करायचा नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. जागा बदलावी तर दुसरी फुकट मिळेना, परीक्षा पुढे ढकलावी तर वेळापत्रक समितीत मंजूर झालेलं. तेव्हा प्रात्यक्षिक निःशब्द घ्यायचं ठरलं. उमेदवाराने वाद्य धरावं, गाल फुगवावेत, बोटं चालवावीत. परीक्षकांनी काय वाजतंय ते ओळखावं. परीक्षक म्हणून मंगळवेढ्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आले होते. माणूस करडा. कोपराचा कोन चुकला की गुण कापायचे.

हरिदास आला. छाती पुढे, मान किंचित तिरपी, डोळे अर्धे मिटलेले. दहा मिनिटं त्याने जे काही वाजवलं त्यात खालच्या वाचकांपैकी एकानेही मान वर केली नाही. ड्रॉइंग मास्तर उठून उभे राहिले. "असा बागेश्री फार दिवसांत ऐकला नव्हता," ते म्हणाले. हरिदासला बागेश्री म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्याने नमस्कार केला.

मग बिराजदार. त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं, बोटं हलवली, आणि ते वाजलं.

"आवाज आला," परीक्षक म्हणाले.

"चुकलं साहेब. बोटं हलली की दम आपसूक जातोय."

"पुन्हा."

पुन्हा आवाज आला. या वेळी जरा लांबला. खालून कुणीतरी टेबलावर पट्टी आपटली. तिसऱ्यांदा बिराजदारने श्वासच धरून ठेवला. चेहरा लाल झाला आणि हात वाद्यावरून सुटले. परीक्षकांनी मान हलवली. श्वास धरणं वेगळं, वाद्य धरणं वेगळं. वादनात आवाज केल्याबद्दल तो नापास झाला. त्याच्यासारखेच मास्तरांचे बाकीचे आठ वाजवणारेही. धरणारे बाराही जण पहिल्या वर्गात आले. निकाल इतका स्वच्छ लागला की मला मंडळाचा अभिमान वाटला.

संध्याकाळी धोंडीराम मास्तर घरी आले. पायरीवरच बसले.

"साहेब, वाजवणारं एकबी माणूस न्हाय राहिलं. लेकीची वरात हाय. फेरपरीक्षा कवा?"

"दिवाळीनंतर."

"आन् तवर?"

"तोवर पास झालेले घ्या. तुम्हाला नऊ कमी पडतायत ना? हरिदासच्या ओळखीची कुंभारीची पोरं आहेत, आजच पास झालीत. तुमचे एकवीस पुरे होतात."

"पुरे व्हतात साहेब. पण वाजवंल कोण?"

हा प्रश्न नियमात कुठेच नव्हता. पण मी काही दगड नाही. रात्रभर विचार केला आणि वाट काढली. बँडाला आपलं साहित्य हातगाडीवर घालून सोबत नेता येतं. साहित्याला परीक्षा नाही. साहित्य झाकलेलं असावं आणि ताडपत्रीला समितीची दोरी बांधलेली असावी, एवढंच. गाडी लहान, तिच्यात माणूस एकच मावणार. एकट्याने सगळा बँड वाजवणारा माणूस सोलापुरात एकच होता. बिराजदारला साहित्य म्हणून घालायचं, असं मी सुचवलं. यापेक्षा माणुसकी ती काय असते?

मला वाटलं होतं तो रागावेल. तो म्हणाला, "चालतंय की. भीमाला ऐकू आलं म्हंजे झालं."

वैशाखातली उन्हं कलल्यावर वरात निघाली. पुढे एकवीस लाल कोट, मध्ये फुलांनी सजवलेल्या मोटारीत नवरा-नवरी, आणि शेवटी ती हातगाडी. तिच्यामागे मी, कारण दोरीची जबाबदारी माझी. आत बिराजदार नुसत्या बनियनवर, हातात क्लॅरिनेट, पायाखाली ढोलाची पट्टी, गुडघ्यांना झांजा बांधलेल्या. वरून ताडपत्री. सोलापूरचा वैशाख त्यात धरला तर त्याचं काय होत असेल ते मला कळत होतं. पण वाजवत मात्र असा होता की रस्ताच्या रस्ता नाचायला लागला. आप्पा बोटांवर एकवीस मोजत होते आणि पुनःपुन्हा खूश होत होते. लोक हरिदासच्या पाठीवर थाप मारत होते. "काय वाजवतंय बे!" असं चाललं होतं. हरिदास अर्धे डोळे मिटून ते ऐकून घेत होता.

नव्या पेठेच्या तोंडाशी बिराजदारने ती चाल सुरू केली. चार सूर झाले आणि मोटार थांबली. भीमा शालू सावरत खाली उतरली. कुणाला काही कळायच्या आत मागे आली आणि तिने दोरी ओढून ताडपत्री वर केली.

"काका, हितं काय करालाय? पुढं चला की."

"साहित्य हाय ग मी," बिराजदार म्हणाला. डोक्यापासून पायापर्यंत घामाने निथळत होता. "साहित्याला चालता येत न्हाय."

"कुनी सांगितलं? माजी वरात हाय. उतरा."

तो उतरला. झांजा सोडल्या, रस्त्यात उभा राहिला आणि त्याने ती चाल वाजवायला घेतली. मी संगीतातला नाही, हे आधीच सांगितलंय. तरी खरं सांगतो, दोरीकडे बघायचं मी विसरलो. भीमा त्याच्यासमोर उभी राहून ऐकत होती आणि रडत होती, आणि हसतही होती. आपण जन्मभर सह्याच करत बसलो असं मला क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात नाचणारे थांबले. "हा बनियनवाला कोण?" कुणीतरी विचारलं. "बँडाला ड्रेस न्हाय काय?" आप्पा तणतणत आले. "एकवीस ठरल्ते. ह्यो बाविसावा कुटून आला? तेबी असला उघडा! पावण्यांत लाज काडता काय आमची?"

तेव्हा मला पुढे व्हावंच लागलं. नापास माणूस भर रस्त्यात वाद्यासह दिसत होता. बँडाचा परवाना जाणार होता तो धोंडीराम मास्तरांचा, म्हणजे एकवीस घरांची चूल. मी हे मास्तरांच्या कानात सांगितलं. वाईट मलाही वाटलं. नियमात त्याला मनाई नाही.

मास्तर बिराजदारपुढे हात जोडून उभे राहिले. "शिवशरण," ते म्हणाले, "लेकीचं लग्न हाय. राहू दे आता."

चाल अजून संपायची होती. बिराजदारने क्लॅरिनेट खाली घेतलं. परत गाडीत बसतो म्हणाला, आतून वाजवतो, पण समितीची दोरी तुटली होती आणि दोरी तुटलेलं साहित्य वापरता येत नाही. ते समजावून सांगताना माझा आवाज जरा चढला असेल. त्याने झांजा गाडीत ठेवल्या. भीमाच्या डोक्यावर हात ठेवला, क्लॅरिनेट काखेत मारलं आणि बाजूच्या बोळातून घरी निघून गेला. भीमाला तिच्या सासरच्या बायकांनी धरून मोटारीत बसवलं.

मास्तरांनी छडी उचलली. एकवीस गाल फुगले, बोटं चालू लागली. कोन सगळ्यांचे बरोबर. लोक एकमेकांकडे बघत उभे होते. मग पुढच्या रांगेतल्या एकाने हात वर केले आणि तो नाचायला लागला. त्याच्या शेजारचा लागला. बघता बघता सगळी वरात नाचत पुढे सरकली. बँड वाजत असला की नाचायचं असतं, आणि बँड तर समोर दिसत होता. चपलांच्या आवाजाखेरीज काही नाही. मोटारीत भीमा हुंदके देत होती तेही मला मागे स्पष्ट ऐकू येत होतं. मुली वरातीत रडतातच, असं आप्पा म्हणाले.

या वरातीबद्दल समितीकडे एकच तक्रार आली. तिसऱ्या रांगेतल्या एकाच्या टोपीचा तुरा वाकडा होता म्हणे. तो सरळ करून घेतला. बिराजदार आता घरात दार लावून वाजवतो, त्याला परवाना लागत नाही. भीमा माहेरपणाला आली तरी आमच्या दारावरून जात नाही. जाऊ दे, पोरीचा राग.

पण तुम्ही मला कशाला नावं ठेवता? तुम्हीही होतात की त्या वरातीत. मी शेवटी होतो, मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. मधल्या मारुतीचं देऊळ येईपर्यंत नाचलात, आणि पाय एकदासुद्धा ठेक्याबाहेर पडला नाही.