रंगाचा पेला

लतिकाबाईंचं वर्षश्राद्ध उद्यावर आलं होतं, आणि चिंतामण मास्तरांनी काढलेलं त्यांचं चित्र काही केल्या त्यांच्यासारखं दिसेना. हार घालायचा तो आपल्या हातच्या चित्राला, फोटोला नाही, असा मास्तरांचा हट्ट होता. पण जन्म ड्रॉइंग शिकवण्यात गेलेला. गंगेवरच्या घाटाच्या पायऱ्यासुद्धा ते पट्टीने आखायचे. आताही नाक, कान, कुंकू सगळं जागच्या जागी होतं, फक्त बाई नव्हत्या.

"बाबा, ही आई नाही, आईचं आधार कार्ड आहे," त्यांची मुलगी अपूर्वा म्हणाली. "हात मोकळा सोडा. मोठा ब्रश घ्या, उभं राहून काढा. आणि कागदाकडे बघूच नका, फक्त आईकडे बघा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आईकडे म्हणजे कुठे बघायचं? मास्तर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभे राहिले. लतिकाबाई तिथूनच चहा आणायच्या. चहाचा पेला डावीकडे, रंगाच्या पाण्याचा उजवीकडे, अशी त्यांची शिस्त होती. तरी मास्तर हटकून चुकायचे, आणि बाई दारातूनच हात पुढे करून ओरडायच्या, "अहो, तो रंगाचा!"

आज अपूर्वाने चहा दिसेल तिथे ठेवला होता. मास्तरांची नजर दाराला लागलेली आणि हात चाललेला. ब्रश चहात बुडत होता, नव्या कागदावर फिरत होता, पुन्हा चहात. घसा कोरडा पडला तसा त्यांनी दुसरा पेला उचलून घोट घेतला. घोट निळा होता.

कुणी ओरडलं नाही. मास्तरांनी थोडी वाट पाहिली आणि मुद्दाम आणखी एक घोट घेतला. मग असा ठसका लागला, की कोपराच्या धक्क्याने उरलेला चहा चित्रावर सांडला.

"बाबा, दात निळे झालेत तुमचे! अरे देवा, आणि चित्र?"

"गेलं," मास्तर मटकन खाली बसले. "तीही गेली, हेही गेलं."

पोळ्या करायला आलेली कुसाबाई फरशी पुसायला फडकं घेऊन आली आणि कागदापाशीच थबकली. त्यावर ना नाक होतं, ना कुंकू. चहाच्या रंगात पुढे झुकलेली एक बाई, आणि तिचा लांब केलेला हात.

"अगं माय, आपल्या बाईच हायेत की या! येवढ्या कुनावर चिडल्यात?"

"माझ्यावर," मास्तर म्हणाले आणि निळे दात दाखवत हसता हसता रडू लागले.