तळघरातली हवा

हणमंतराव जाधवांनी तोंडावरची काळ्या काचेची ढाल वर केली आणि सांध्याकडे पाहिलं. सांधा पुन्हा काळाठिक्कर पडला होता. वर राख धरलेली, आणि आत सुईनं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं.

फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते जयपुरातच राहिले होते. लिलावात एक जुना वेल्डिंग सेट मिळाला, दिल्लीहून आर्गॉन वायूचं सिलिंडर आलं, आणि त्यांनी बायकोला, मालनबाईंना, शब्द दिला की उन्हाळा सरायच्या आत गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवतो. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की सांधा नासतो, म्हणून त्यावर आर्गॉनचं पांघरूण घालायचं असतं. हे त्यांनी कितीतरी जवानांना शिकवलं होतं. पण अंगणात आंधी सुटली की ते पांघरूण उडून जाई. म्हणून सगळा पसारा त्यांनी घराखालच्या तळघरात नेला. तिथं वाऱ्याची झुळूकही नव्हती.

दुसरं काहीतरी होतं, असं मालनबाईंचं म्हणणं पडलं. दुपारी घर निजलं की खालून कुणीतरी दातांतून श्वास सोडल्यासारखा आवाज येई. सावकाश, न थांबता. श्वास घेण्याचा आवाज मात्र कधीच येत नसे.

घरमालक ठाकूर भोमसिंग जवळच्याच चौमू गावचे. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आवाज खाली केला. "नीचे हवा है," ते म्हणाले. त्यांच्याकडे भुताला हवाच म्हणत.

"हवा आहे ते मलाही कळलंय," हणमंतराव आपल्याच विवंचनेत हिंदीत म्हणाले. "ती शिरते कुठून, तेवढं सांगा."

ठाकूरसाहेबांनी कानाला हात लावले आणि चहा न पिताच ते निघून गेले.

हणमंतरावांनी गॅस वाढवला. सांधा अधिक काळा झाला. आणखी वाढवला, तर वितळलेला धातू तडतडू लागला. त्यात सिलिंडर कुणी हात न लावता रिकामं झालं. त्यांनी दुसरं मागवलं, तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. तरी सिलिंडरवरचा दाबाचा काटा खाली सरकतच राहिला.

शेवटी मालनबाईंनी, खाली जे कोण असेल त्याच्यासाठी, दिवेलागणीला सगळ्यात खालच्या पायरीवर पणती ठेवली. त्यांनी हात मागे घेतला न घेतला तोच ज्योत आक्रसली, निळी झाली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तीच पणती चार पायऱ्या वर आणली तर शांतपणे तेवत राहिली.

"खाली कुणीतरी फुकतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् वर यायला भितंय."

त्यांची भीती मोडायची म्हणून हणमंतराव ताडताड पायऱ्या उतरले. फुसफुस जमिनीलगत येत होती. ते गुडघ्यांवर बसले, मग कान फरशीला लावला. काही वाईट वाटलं नाही, उलट हलकंच वाटलं. फक्त गुडघे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत असं झालं. मालनबाई लांबून, डोंगरापलीकडून हाका मारत होत्या. आपण ओ दिली, असं त्यांना वाटलं.

भूत नाकातून शिरतं, एवढं मालनबाईंना साताऱ्याच्या माहेरापासून ठाऊक होतं. त्यांनी पदरानं नाक घट्ट आवळलं, श्वास कोंडला, खाली उतरल्या आणि नवऱ्याची कॉलर धरून त्यांना पायरी पायरीनं वर ओढत आणलं.

ओसरीवर हणमंतराव बराच वेळ धापा टाकत पडून होते. मग हळू आवाजात म्हणाले, "आर्गॉन हवेपेक्षा जड. तळाला साठतो, माणसाला कळतही नाही. मी शिकवायचो हे."

"मग शिकला न्हवता का?" मालनबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तळघराचे झरोके उघडून, पंखा लावून त्यांनी सिलिंडर वर आणलं. साबणाचा फेस करून नळीवर फासला. नळीच्या जोडापाशी टपोरे बुडबुडे आले. आतली वॉशरची चकती चिरली होती. काम झाल्यावर ते हातातल्या वेल्डिंग टॉर्चची कळ तेवढी बंद करत, सिलिंडरचा व्हॉल्व्ह नाही, म्हणून गॅस दिवसरात्र गळत होता. शिवाय गॅसचा प्रवाह जितका वाढवावा तितका तो भोवऱ्यासारखा फिरून बाहेरची हवा आत खेचत होता. चकती बदलली, गॅस कमी केला, वरच्या हवेशीर खोलीत काम धरलं. सांधा चांदीच्या वळ्यासारखा आला. टाकी गच्चीवर चढली.

ठाकूरसाहेबांनी मात्र गावभर एवढंच सांगितलं, की मराठा सुभेदारानं हवेला फेसात पकडलं.

मंगळवारी एक सासू घुमणाऱ्या सुनेला घेऊन ओसरीवर आली. हणमंतरावांनी तिला आर्गॉन समजावून सांगितला. तिनं हात जोडून ऐकलं आणि तो मंत्र पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हणायला सांगितला. ते वैतागले. सून दिवसभर कुठं असते, विचारलं. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, चुलीपुढं.

"भूत-वूत कुछ नहीं," ते म्हणाले. "इसे साँस नहीं मिलती. कुछ दिन मायके भेजो."

घुंघट किंचित वर झाला. सून घुमायची थांबली.

पुढच्या मंगळवारी हणमंतराव बाहेर आले तर ओसरी सुनांनी भरली होती. सगळ्या घुमत होत्या, काही तर एका लयीत. रांगेच्या शेवटी, डोक्यावरून पदर घेतलेली, शेजारी ट्रंक ठेवलेली एक बाई होती. ती घुमत नव्हती.

"मलाबी हवा लागलीया," मालनबाई म्हणाल्या. "साताऱ्याला धाडा."