ओटर फोर्कची भाकितं आणि बर्डेटची नात

खेळाडू थोर होता की नाही हे ठरण्यासाठी आधी त्याचे गुडघे कायमचे निकामी व्हावे लागतात. पळता येतं तोवर माणूस नुसता चांगला असतो. इंडियानातल्या ओटर फोर्क गावानं हे तत्त्व फार पूर्वी ओळखलं आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मर्ल ओक्सच्या केस कापायच्या दुकानात एक कायमस्वरूपी व्यवस्था उभी केली. सभासदत्वाची अट एकच: माणूस केस कापायला आलेला नसावा.

बास्केटबॉलमधल्या थोर पुरुषांची तुलना ही या व्यवस्थेची पहिली शाखा. जगातला सर्वांत थोर खेळाडू कोण, यावर बाकीची अमेरिका भांडते. ओटर फोर्क असल्या किरकोळ प्रश्नात पडत नाही. इथला प्रश्न असा, की ऑर्व्हिल स्टॅम (शाळेचा संघ, १९५८) थोर, की डीक रॉलिन्स (शाळेचा संघ, १९८९)? तुलनेची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. खेळ सोडल्यानंतरच्या प्रत्येक वर्षामागे खेळाडूच्या सरासरीत अर्धा गुण वाढवायचा, आणि त्याचा खेळ डोळ्यांनी पाहिलेला एखादा साक्षीदार वारला, की आणखी एक. या हिशेबानं ऑर्व्हिलची सरासरी गेल्या हिवाळ्यात सामन्यामागे एकसष्ट गुणांवर पोचली, आणि हिवाळा कडक पडला तर ती आणखी सुधारेल असा अंदाज आहे.

एकच अडचण होती. ऑर्व्हिल स्वतः हयात होता आणि महिन्यातून एकदा केस कापायला यायचा. एकदा त्यानं खुर्चीतूनच तोंड उघडलं.

"अरे, मी सतरा-अठरा गुण करायचो. तेही दिवस चांगला असला तर."

"ऑर्व्हिल, मान हलवू नकोस," मर्ल म्हणाला. "तू त्या वेळी खेळत होतास. तुला काय दिसणार?"

सर्वांना हे पटलं. ऑर्व्हिललाही पटलं असावं, कारण पुढच्या महिन्यापासून तोही पन्नाशीच्या पुढचे आकडे सांगू लागला.

दुसरी शाखा भाकितांची. ती फक्त मार्च महिन्यात चालते, पण तिचा शीण गावाला मे अखेरपर्यंत पुरतो. देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदानं एक मोठा तक्ता भरायचा: पहिल्या फेरीत कोण कोणाला हरवणार, मग त्यातून कोण, असं करत करत शेवटच्या विजेत्यापर्यंत. प्रत्येक निकालापुढे किती गुणांनी, हेही लिहायचं. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मर्ल सगळे तक्ते भिंतीवर टाचतो. त्यानंतर खाडाखोड नाही, दुसरा तक्ता नाही, तोंडी दुरुस्ती नाही. ज्याची सर्वांत जास्त भाकितं खरी ठरतात, त्याचे केस वर्षभर फुकट. (गेल्या सहा वर्षांत हे बक्षीस बर्डेट केसिंजरनं चार वेळा पटकावलं. त्याला टक्कल आहे.)

बर्डेटनं उभं आयुष्य विमा कंपनीसाठी गारपिटीनं झालेलं नुकसान मोजण्यात घालवलं होतं. झोपलेल्या मक्याकडे आणि रडणाऱ्या माणसाकडे एकाच नजरेनं पाहायची सवय तिथली. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यानं बास्केटबॉलकडे वळवली. संघ विमानानं येतो की बसनं, प्रशिक्षक बाकावर बसतो की उभा राहून ओरडतो, राखीव खेळाडू किती उंच, हे सगळं तो मोजायचा. (बसनं येणारे संघ शंभरात एकाहत्तर वेळा हरतात. उरलेल्या एकोणतीसपैकी काहींची बस चांगली असते.) दुकानाचा पहिला नियमही त्याचाच होता आणि तो आरशावर चिकटवलेला होता: मनाला मत नाही.

महिलांच्या स्पर्धेचाही तक्ता भरावा, असा ठराव काही वर्षांपूर्वी अकरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला. (विरोधातल्या नऊ जणांना एकतर मुली नव्हत्या, किंवा असलेल्या त्यांच्याशी बोलत नव्हत्या.) ठराव बर्डेटनं मांडला होता. त्याची नात ब्रिन तेव्हा शाळेच्या संघात होती आणि लांबून चेंडू टाकताना जीभ बाहेर काढायची.

या वर्षी ती मिल क्रीक कॉलेजच्या संघात होती, आणि मिल क्रीक कॉलेज इतिहासात पहिल्यांदाच स्पर्धेत पोचलं होतं. गावात आनंदीआनंद झाला. मग पहिल्या फेरीची जोडी जाहीर झाली: मिल क्रीक विरुद्ध वेस्टमार्क विद्यापीठ, वेस्टमार्कच्याच मैदानावर. वेस्टमार्क वर्षभरात एकच सामना हरलं होतं, आणि त्या दिवशी त्यांच्या तीन मुलींना ताप होता. मिल क्रीकचा संघ बसनं जाणार होता. बस चांगली नव्हती.

बर्डेट तक्ता घेऊन दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. त्यानं सगळं मोजलं. मग ब्रिनची फ्री थ्रोची, म्हणजे धक्का बसल्यावर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची, टक्केवारी दोनदा मोजली, कारण ती त्यानंच घडवली होती. मागच्या अंगणात शेडवर लावलेल्या कड्याखाली तो तिला रोज उभी करायचा आणि सांगायचा, आधी श्वास सोड, मग चेंडू सोड. सगळं मोजून झाल्यावर त्यानं लिहिलं: वेस्टमार्क, अठ्ठावीस गुणांनी. त्या रात्री तो जेवला नाही.

शुक्रवारी तक्ता भिंतीवर लागला तेव्हा दुकानातल्या माणसांनी आदरानं टोप्या काढल्या.

"सख्ख्या नातीला!" वेंडेल हफ म्हणाला. वेंडेलचं टायरचं दुकान होतं आणि तो बर्डेटचा जुना प्रतिस्पर्धी. "मानलं लेका तुला. माझ्यानं झालं नसतं." (वेंडेलच्या तक्त्यावरही वेस्टमार्कच होतं. सगळ्या एक्केचाळीस तक्त्यांवर वेस्टमार्कच होतं. पण वेंडेल ब्रिनचा आजोबा नव्हता, त्यामुळे त्याच्या प्रामाणिकपणाला कोणी विचारत नव्हतं.)

घरी आदर कमी होता. बर्डेटच्या बायकोनं, लोर्नानं, संध्याकाळी चिकन-नूडल्स केल्या, कुस्करलेल्या बटाट्याच्या ढिगावर ओतल्या, एकच ताट वाढलं आणि ते स्वतः खाल्लं.

"बर्डेट, त्या पोरीला सायकल कुणी शिकवली?"

"मी."

"ती आजारी होती तेव्हा रात्रभर कोण जागलं?"

"दोघं जागलो."

"मग ते धरलंस का आकड्यांत?"

"त्याला रकाना नाही, लोर्ना."

"तर काढ की एक. घरात पट्टी आहे."

त्यानंतर फोन वाजला. मर्लनं भिंतीचा फोटो दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता आणि तो ओटर फोर्कच्या बाहेरही पोचला होता.

"आजोबा, तुम्ही आम्हाला हरवलंत!" ब्रिन हसत होती.

"मी कुठं? आकड्यांनी हरवलं."

"अहो पण अठ्ठावीस? आमच्या कोचनं सव्वीस धरलेत."

"तुमच्या कोचला बसची हालत माहीत नसेल."

ती आणखी हसली. मग हसू आवरून तिनं विचारलं, "येणार आहात ना पण उद्या?"

"येणार म्हणजे काय! तुझी आजी तुमच्या संघाच्या रंगाचा नवा स्वेटर घालून बसलीये आत्तापासून."

"आजीचं माहितीये. तुम्ही कुठल्या बाजूला बसणार?"

हा प्रश्न नियमावलीत नव्हता. बर्डेट म्हणाला, "तिकीट जिथलं असेल तिथं," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. पोरीनं आजोबाला एकच साधी गोष्ट विचारली होती, आणि त्यानं तिला विमा कंपनीसारखं उत्तर दिलं होतं.

शनिवारी दोघं चार तास गाडी चालवून वेस्टमार्कला पोचले. तिकीट मिल क्रीकच्या बाजूचं निघालं. त्या बाजूला दोनशे माणसं होती. उरलेले नऊ हजार समोर होते आणि त्यांच्याकडे बँड होता. बर्डेट छातीवर हात बांधून बसला. निःपक्षपाती माणसानं कसं बसावं, याचा त्याला सराव होता.

पहिल्या सत्रात मिल क्रीक अकरा गुणांनी मागे होतं. अकरा म्हणजे हिशेबात चूक नव्हे, उशीर. मध्यंतरात त्यानं लोर्नाला तसं समजावलंही. लोर्नानं मक्याच्या लाह्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे त्याचा हात पोचणार नाही.

दुसऱ्या सत्रात काय बिघडलं हे शास्त्राला अजून सांगता आलेलं नाही. वेस्टमार्कच्या मुलींचे चेंडू कड्यावरून बाहेर पडू लागले. मिल क्रीकची एक बुटकी मुलगी, जिला बर्डेटनं आकड्यांत धरलंच नव्हतं, चेंडू पळवू लागली. अंतर अकराचं सहा झालं, सहाचं तीन. समोरचा बँड गप्प झाला. आणि शेवटच्या चार सेकंदांवर, मिल क्रीक एका गुणानं मागे असताना, वेस्टमार्कच्या मुलीनं ब्रिनला ढकललं. पंचानं शिट्टी मारली. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे.

बर्डेटच्या तक्त्यात वेस्टमार्क पहिल्या फेरीतच नव्हे, तर शेवटापर्यंत जिंकत जात होतं. विजेताही तोच संघ होता. म्हणजे समोर उभी असलेली पोर त्याच्या सगळ्या भाकितांचं कंबरडं मोडायला निघाली होती. ती रेषेवर आली. नऊ हजार माणसं हात हलवून बोंबलत होती. तिनं चेंडू दोनदा आपटला.

तेव्हा बर्डेट केसिंजर उभा राहिला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "श्वास सोड, पोरी! आधी श्वास!"

ते तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पहिला चेंडू आत गेला. दुसरा कड्यावर नाचला, कडेला टेकला, आणि आत गेला. वेस्टमार्कचा शेवटचा चेंडू अर्ध्या मैदानावरून निघाला आणि कुठेच पोचला नाही. बर्डेट रडत होता, उघडउघड, लहान पोरासारखा, आणि लोर्नाला मिठी मारून तिच्या नव्या स्वेटरला नाक पुसत होता. आयुष्यात इतका चुकल्याचा इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

(सोमवारी दुसऱ्या फेरीत मिल क्रीक एकतीस गुणांनी हरलं. बस परतीच्या वाटेवर बंद पडली.)

मंगळवारी सकाळी बर्डेट दुकानात गेला, तेव्हा व्यवस्थेचं काम जोरात सुरू होतं. एक्केचाळीस तक्ते भिंतीवर होते आणि प्रत्येकावर वेस्टमार्क लिहिलेलं होतं. तपासाअंती असं निष्पन्न झालं होतं, की त्यांपैकी चाळीस जणांना मिल क्रीक जिंकणार हे आधीपासूनच माहीत होतं.

"हे बघ," वेंडेल आपल्या तक्त्यावर बोट ठेवत म्हणाला. "'वेस्टमार्क' लिहिताना माझं अक्षर कसं तिरकं आलंय. हातच उचलत नव्हता."

"मी तर लिहिताना 'हं' म्हणालो होतो," मर्ल म्हणाला. "विचार कुणालाही."

सर्वांना ते 'हं' आठवलं. एक सभासद थंडीमुळे फ्लोरिडाला गेला होता. त्यानं फोन करून कळवलं, की त्यालाही माहीत होतं, फक्त तिकडे हवा चांगली असल्यानं बोलायचं राहिलं. सोमवारची हारही सर्वांना माहीत होती, पण ती कोणी फारशी ताणली नाही. ब्रिनला थोरांच्या यादीत घ्यावं का, यावरही चर्चा झाली. तिचे गुडघे शाबूत असल्यानं विषय चाळीस वर्षं पुढे ढकलण्यात आला.

"आणि बर्डेट, तुला तर सगळ्यांच्या आधी माहीत असणार," वेंडेल प्रेमानं म्हणाला. "आजोबा ना तू! अठ्ठावीस मुद्दाम लिहिलेस. पोर चिडावी म्हणून. काय?"

सुटकेची वाट सरळ होती आणि मित्रांनी ती झाडून ठेवली होती. नुसती मान हलवायची होती. ब्रिनलाही ते आवडलं असतं.

"नाही," बर्डेट म्हणाला. "मला वाटलं ती हरणार. अठ्ठावीसनं. मला काहीएक माहीत नव्हतं."

मर्लची कात्री थांबली. भाकीत चुकणं ओटर फोर्कला नवं नव्हतं. तिथं ते दरवर्षी चुकायचं. पण सामना संपून तीन दिवस झाल्यावरही ज्याला निकाल आधी माहीत नव्हता, असा तज्ज्ञ गावानं पाहिला नव्हता. कुजबुज झाली. वेंडेलनं दुःखी आवाजात ठराव मांडला, आणि बर्डेटला सन्मानपूर्वक दुकानाच्या मागच्या बाकावर हलवण्यात आलं, टॉवेलांच्या टोपलीशेजारी.

शनिवारी ब्रिन घरी आली, तेव्हा आधी दुकानात शिरली. एकोणचाळीस माणसांनी तिला घेरलं आणि एकेकानं सांगितलं, की पोरी, आम्हाला माहीतच होतं. तिनं प्रत्येकाचे आभार मानले. मग मागे बघितलं.

"आणि तुम्हाला हो, आजोबा?"

"मला कसलं कळतंय," बर्डेट म्हणाला. "मी तर ओरडत होतो नुसता. घाबरून."

ब्रिननं टॉवेलांची टोपली जमिनीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. "मलाही माहीत नव्हतं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "दुसरा चेंडू टाकताना तर मी डोळेच मिटले होते."

दोघं बराच वेळ तिथं हसत बसले. मर्लच्या दुकानात पुढे उभं राहायला जागा नसते, पण तो मागचा बाक लांबलचक आहे आणि त्यावर अजून कितीतरी माणसं सहज मावतील. अर्थात तुमची गोष्ट वेगळी. ब्रिनचे दोन्ही चेंडू आत जाणार हे तुम्हाला ती रेषेवर येण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. तुम्ही पुढेच या, सरकून घेतील.